आधी जमू द्या, मग आवडेल

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते. यंदा नववीतली गणितात मागे पडलेली २२ मुलं वेगळी काढून माझ्याकडे दिली आहेत. आधी त्यांच्या मनातली भीती घालवावी म्हणून मी कोडी घातली, खेळ घेतले, थोर गणितज्ञांच्या गोष्टी सांगितल्या. त्या तासाला मुलं खुलतात. पण पुस्तक उघडलं की पुन्हा सगळ्यांचे चेहरे मिटतात. एक मुलगी फळ्यावरचं सगळं सुंदर अक्षरात उतरवून घेते, घरचा अभ्यास कधी चुकवत नाही, पण चाचणीत तिचा हात चालत नाही. एक मुलगा पेपरवर नाव लिहून कोरा कागद देतो. विचारलं तर म्हणतो, "मॅडम, माझ्या डोक्यात गणित शिरतच नाही." पालकांना बोलावलं तर म्हणतात, "आमच्या घरात कुणालाच गणित आलं नाही, याला कुठून येणार?" इकडे अभ्यासक्रमही पुढे सरकायला हवा. या मुलांचा गणिताकडे बघण्याचा दृष्टिकोन मी कसा बदलू?
– एक शिक्षिका

उत्तर :

ताई,

कोड्यांच्या तासाला मुलं खुलतात आणि पुस्तक उघडलं की मिटतात, हे तुम्ही नेमकं टिपलंत. मुलांच्या मनात हे दोन वेगळे कप्पे आहेत. कोडं म्हणजे गंमत आणि पुस्तकात असतं ते ‘खरं’ गणित. कोडं सुटल्यावर आलेला आत्मविश्वास ती समीकरणापर्यंत घेऊन येत नाहीत, कारण समीकरणांनी आजवर त्यांना लाल खुणांशिवाय फारसं काही दिलेलं नाही. खेळ बंद करू नका. त्यांच्यामुळे मुलं तुमच्याजवळ आली आहेत आणि पुढचं सगळं काम त्या जवळिकीच्या जोरावरच होणार आहे. मात्र खेळांमुळे दृष्टिकोन बदलेल ही अपेक्षा सोडा.

माझं मत स्पष्टच सांगते. या वयाच्या मुलांचा दृष्टिकोन बोलून बदलत नाही. ‘गणित सोपं आहे’, ‘घाबरायचं काय त्यात’, ‘मनावर घेतलंस तर सहज करशील’ ही वाक्यं त्यांनी भरपूर ऐकली आहेत आणि दर वेळी पुढच्याच चाचणीने ती खोटी पाडली आहेत. आपण धरून चालतो की आधी गोडी लागेल, मग मुलं अभ्यासाला बसतील. मागे पडलेल्या मुलांच्या बाबतीत बहुतेकदा क्रम उलटा असतो. आधी काहीतरी स्वतःच्या हाताने जमतं, ते जमलंय हे स्वतःला कळतं, आणि मग गोडी लागते.

हे निव्वळ माझ्या अनुभवाचं बोलणं नाही. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा आणि डेल शुंक यांनी १९८१ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. वजाबाकीत खूप मागे असलेली आणि गणिताचा कंटाळा करणारी लहान मुलं त्यांनी निवडली. काहींना सांगितलं की प्रत्येक बैठकीत एवढी थोडी पानं संपवायची. काहींना सांगितलं की सगळा गठ्ठा शेवटच्या बैठकीपर्यंत पुरा करायचा. साहित्य तेच, बैठकाही तेवढ्याच. पण ज्यांच्यापुढे जवळचं, छोटं उद्दिष्ट होतं ती मुलं वजाबाकी अधिक चांगली शिकली, ‘मला हे येईल’ असं त्यांना वाटू लागलं आणि ज्या कामाचा त्यांना कंटाळा होता त्याच कामात त्यांना रस वाटू लागला. गोडी लावण्याचा वेगळा कार्यक्रम तिथे कुणी केला नव्हता.

आता कोरा पेपर देणाऱ्या मुलाकडे येऊ. ‘माझ्या डोक्यात गणित शिरतच नाही’ हे तो आळसाने म्हणत नाही. इतक्या वर्षांच्या पुराव्यावरून त्याने काढलेला तो निष्कर्ष आहे. कोरा कागद देण्यामागेही विचार असतो. लिहिलं आणि चुकलं तर ‘येत नाही’ हे सिद्ध होतं. लिहिलंच नाही तर लोक फार तर ‘केलं नाही’ म्हणतात आणि तेवढी अब्रू राहते. म्हणून त्याच्याशी वाद घालू नका. ‘असं बोलू नये’ हेही सांगू नका. त्याच्या हातात वेगळा पुरावा ठेवा.

तो कसा ठेवायचा? तास संपल्यावर दहा मिनिटं त्याला शेजारी बसवा, एक उदाहरण द्या आणि मनात येईल ते मोठ्याने बोलत सोडवायला सांगा. मध्येच दुरुस्त करू नका. समजा उदाहरण असं आहे: एका संख्येचा अर्धा भाग आणि तिचाच तिसरा भाग यांची बेरीज १० आहे, तर ती संख्या कोणती? तो लिहितो, क्ष/२ + क्ष/३ = १०. पुढच्या ओळीत लिहितो, २क्ष/५ = १०. आणि उत्तर काढतो, क्ष = २५.

पेपर तपासताना अशा उत्तरावर लाल फुली पडते आणि शेजारी शेरा येतो, ‘समीकरणांचा सराव करा.’ पण त्याच्या तीन ओळी पुन्हा नीट वाचा. शाब्दिक उदाहरणावरून समीकरण त्याने अचूक मांडलं. २क्ष/५ = १० वरून क्ष = २५ हेही बिनचूक काढलं. म्हणजे नववीचं बीजगणित त्याला येतंय. चुकली ती फक्त अपूर्णांकांची बेरीज: त्याने अंशात अंश मिळवला आणि छेदात छेद. ही चूक प्राथमिक शाळेतली आहे. ती कुणाच्या लक्षात न येता वर्षागणिक त्याच्याबरोबर वरच्या वर्गात येत राहिली, आणि दर वर्षी तिला नाव मात्र नव्या धड्याचं मिळालं.

इथे ‘चूक’ हा शब्दही उच्चारू नका. फक्त विचारा, "पंचवीसचा अर्धा किती?" तो म्हणेल, साडेबारा. "आणि आपल्याला दोन्ही भाग मिळून किती हवेत?" दहा. एवढं झालं की गप्प राहा. नुसत्या अर्ध्या भागातच आपण दहाच्या पुढे गेलो, हे त्याचं त्याला दिसू द्या. मग कागदाची एक पट्टी घेऊन तिचे सहा सारखे भाग करा. अर्धी पट्टी म्हणजे तीन भाग, तिसरा हिस्सा म्हणजे दोन भाग, मिळून पाच. पाच भागांचे १० म्हणजे एका भागाचे २, आणि सगळी पट्टी १२ ची. आता ताळा त्यालाच करू द्या: बाराचा अर्धा सहा, बाराचा तिसरा भाग चार, बेरीज दहा. त्यानंतर त्याला सांगा, "तुझं समीकरण पहिल्यापासून बरोबर होतं. तुला एवढी एकच गोष्ट नडत होती."

या वाक्यात खोटी स्तुती नाही, म्हणूनच त्याचा उपयोग होतो. ‘मला गणित येत नाही’ याचं कुणी काही करू शकत नाही. ‘छेद वेगळे असले की माझी बेरीज चुकते’ याचं मात्र आठवड्याभरात काहीतरी करता येतं. मुलाच्या मनातलं पहिलं वाक्य काढून तिथे दुसरं बसवणं, इतकंच आपलं काम. दृष्टिकोन बदलणं म्हणतात ते प्रत्यक्षात असं लहान लहान वाक्यांनीच होतं.

अपूर्णांकांवर मी एवढा भर देते त्याला कारण आहे. रॉबर्ट सिग्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनमधल्या विद्यार्थ्यांची अनेक वर्षांची माहिती तपासली. प्राथमिक शाळेत असताना मुलांना अपूर्णांक आणि भागाकार किती कळले होते, यावरून पाच-सहा वर्षांनी माध्यमिक शाळेत त्यांचं गणित कसं असेल याचा चांगला अंदाज बांधता येत होता. बुद्ध्यांक आणि घरची परिस्थिती यांचा भाग वेगळा काढल्यावरही हे खरं ठरलं. तुमच्या २२ जणांपैकी बरीच मुलं याच जागी अडलेली निघतील असं मला वाटतं.

वेळेचा तुमचा प्रश्न रास्त आहे. प्रत्येकाला शेजारी बसवणं रोज जमणार नाही. म्हणून आधी एक कागद तयार करा, दहा छोट्या उदाहरणांचा. गुण नाहीत, वेळेचं बंधन नाही, आणि ‘याचे गुण कुठेही लागणार नाहीत’ हे आधीच सांगून टाका. त्यात ऋण संख्या, कंस, अपूर्णांक, प्रमाण आणि अक्षरं असलेल्या पदांची बेरीज एवढं असू द्या. तपासताना बरोबर किती आणि चूक किती हे मोजू नका, कुठल्या प्रकारची चूक आहे ते टिपा. काही मुलं −३ − ५ चं उत्तर ८ लिहितील. काही ३(क्ष − ४) चा कंस सोडवताना ३क्ष − ४ लिहितील, म्हणजे तिनाने चाराला गुणायचं विसरतील. काही २क्ष आणि ३क्ष मिळवून ५क्षवर्ग करतील. २२ मुलांच्या २२ निराळ्या अडचणी नसतात. बहुतेक सगळी मुलं चार-पाच ठरावीक जागी अडलेली दिसतील.

मग पाचवी ते आठवीचं सगळं पुन्हा शिकवायच्या मागे लागू नका. त्याने तुम्हीही थकाल आणि ‘आपल्याला खालच्या वर्गाचं शिकवतात’ हा अपमान मुलांच्या जिव्हारी लागेल. आजच्या धड्याला जे लागणार आहे तेवढंच तासाच्या पहिल्या दहा मिनिटांत घ्या. आज कंस असलेली समीकरणं असतील तर दहा मिनिटं फक्त कंस. त्या दहा मिनिटांत शिकलेलं लगेच नववीच्या उदाहरणात वापरलं जातं, त्यामुळे मुलाला आपण मागे जातोय असं वाटत नाही. आणि तुमचा अभ्यासक्रमही थांबत नाही.

सुंदर अक्षरात उतरवून घेणाऱ्या मुलीची मला जास्त काळजी वाटते, कारण अशा मुलांकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. वही पूर्ण असते, वागणूक चांगली असते आणि ती स्वतःही समजते की आपण अभ्यास करतोय. पण फळ्यावरची रीत वाचताना कळणं वेगळं आणि कोऱ्या पानावर ती स्वतः उभी करणं वेगळं. तिला दुसऱ्या गोष्टीचा सराव कधी मिळालेलाच नाही. तिच्यासाठी असं करा: एक उदाहरण पूर्ण सोडवून दाखवा. तशाच दुसऱ्या उदाहरणाची शेवटची पायरी रिकामी ठेवा, तिसऱ्याच्या शेवटच्या दोन पायऱ्या, आणि असं करत करत एक संपूर्ण उदाहरण तिच्यावर सोपवा. या वेळी वही बंद असायला हवी. अडली तर उघडून पाहावी, बंद करावी, पुन्हा लिहावं. उतरवून घेण्याचा वेळ कमी झाला तरी चालेल.

चाचणीत हात न चालण्याला आणखी एक कारण असतं. मार्क अ‍ॅशक्राफ्ट यांच्यासारख्या संशोधकांनी हे बरंच तपासलं आहे. गणित करताना आपण मधल्या संख्या, पुढची पायरी, चिन्हं हे सगळं मनातल्या एका लहानशा पाटीवर धरून ठेवतो. ‘चुकलं तर काय’ ही काळजी त्याच पाटीवर जागा अडवते. हातचा विसरतो, चिन्ह उलटतं, आणि घरी आलेलं उदाहरण वर्गात येत नाही. म्हणजे मुलगी ‘मला येत होतं, पण आठवलं नाही’ म्हणते तेव्हा ती खरंच सांगत असते. तिच्यावर विश्वास ठेवा.

उपाय म्हणून रोज दोन-तीन प्रश्नांची बिनगुणांची चाचणी घ्या, इतक्या वेळा की चाचणी या गोष्टीचं तिला काही वाटेनासं व्हावं. त्यात आजच्या धड्याबरोबर मागच्या महिन्यातलंही एखादं उदाहरण मिसळा. आणि मोठ्या परीक्षेआधी एक साधी गोष्ट करून पाहा. जेरार्दो रामिरेझ आणि शॉन बेलॉक यांनी २०११ मध्ये दाखवलं की परीक्षेच्या अगदी आधी दहा मिनिटं मनातली काळजी कागदावर लिहून काढणाऱ्या विद्यार्थ्यांना परीक्षा बरी गेली. ज्यांना परीक्षेची धास्ती जास्त होती त्यांना त्याचा फायदाही जास्त झाला. तो कागद कुणी वाचणार नाही, हे मुलांना आधीच सांगा.

आता वर्गातल्या आपल्या बोलण्याविषयी. ‘हे तर अगदी सोपं आहे’ हे वाक्य आपण धीर द्यायला म्हणतो, पण ज्याला ते येत नाही त्याला त्यातून वेगळंच ऐकू येतं: सोपं असूनही मला येत नाही. त्याऐवजी म्हणा, "इथे बरेच जण अडतात, आपण सावकाश पाहू." ‘हुशार आहेस’ यापेक्षा ‘तू ताळा करून पाहिलास म्हणून चूक तुझी तुलाच सापडली’ हे सांगा. त्यातून पुढच्या वेळी काय करायचं ते मुलाला कळतं. प्रश्न विचारल्यावर थांबा. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांचं निरीक्षण केलं तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात असं दिसलं. हाच वेळ तीन सेकंदांवर नेला की उत्तरं मोठी येऊ लागली आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. सगळ्यांसमोर फळ्याशी बोलावणं काही दिवस बंद ठेवा. ज्याला स्वतःहून यायचं असेल तो येईल.

‘मेंदू सरावाने घडतो’ अशी भित्तिपत्रकं हल्ली वर्गात दिसतात. कल्पना खरी आहे. अमेरिकेत सुमारे १२ हजार नववीच्या विद्यार्थ्यांवर झालेला एक मोठा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. हा विचार शिकवणाऱ्या तासाभराहूनही कमी वेळाच्या ऑनलाइन पाठानंतर मागे असलेल्या मुलांच्या गुणांत थोडी वाढ दिसली. वाढ थोडीच होती, आणि मुलांच्या आजूबाजूचं वातावरण त्या विचाराला पूरक होतं तिथे ती जास्त दिसली. भित्तिपत्रक जरूर लावा, पण त्याच वर्गात चुकलेलं उदाहरण पुन्हा करून गुण मिळवायची सोय असेल तरच मुलं त्यावर विश्वास ठेवतील.

गणितज्ञांच्या गोष्टी तुम्ही सांगता, त्या बदलून पाहा. लहानपणीच मोठमोठे हिशेब तोंडी करणाऱ्यांच्या गोष्टी ऐकून मागे पडलेल्या मुलाला वाटतं, ही माणसं निराळीच, माझा यांच्याशी काय संबंध? २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात नववी-दहावीच्या मुलांना शास्त्रज्ञांच्या झगड्याच्या, अपयशाच्या गोष्टी वाचायला दिल्या, तेव्हा त्यांचे विज्ञानातले गुण सुधारले, विशेषतः मागे असलेल्यांचे. नुसत्या यशाच्या गोष्टींनी तसं झालं नाही. मरियम मिर्झाखानी यांची गोष्ट सांगा. तेहरानमध्ये शाळेत असताना एका वर्षी त्यांना गणित नीट जमेना. त्या वर्षीच्या शिक्षकांना त्यांच्यात काही विशेष दिसलं नाही आणि त्यांचा आत्मविश्वास गेला. पुढच्या वर्षी धीर देणारे शिक्षक मिळाले आणि चित्र पालटलं. २०१४ मध्ये फील्ड्स पदक, म्हणजे गणितातला सर्वोच्च मानला जाणारा एक सन्मान, मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. लोरां श्वार्त्झ यांची गोष्टही या मुलांसाठीच आहे. आपण वर्गात फार हळू विचार करतो म्हणून आपल्याला बुद्धी कमी आहे, असं त्यांना शाळेत वाटत असे. १९५० मध्ये त्यांनाही फील्ड्स पदक मिळालं.

एक गोष्ट तपासून घ्या. एखाद्याला दोन संख्यांत मोठी कोणती हेही पटकन सांगता येत नसेल, घड्याळ वाचताना गोंधळ होत असेल, साध्या बेरजेलाही अजून बोटं लागत असतील, तर त्याला संख्यांशी निगडित अध्ययन अक्षमता असू शकते. तिथे नुसता सराव वाढवून भागत नाही, तज्ज्ञांकडून तपासणी हवी. आणि फळ्यावरचं सगळ्यांना दिसतं का, हेही एकदा पाहा. ते कितीतरी वेळा राहून जातं.

बदल होतोय हे कसं ओळखायचं? ‘गणित आवडतं’ असं कुणी म्हणेल याची वाट पाहू नका. अडलेल्या उदाहरणापाशी मूल पूर्वीपेक्षा जास्त वेळ थांबतं का, चुकलेलं खोडरबराने साफ पुसण्याऐवजी एक रेघ मारून खाली पुन्हा करतं का, ‘मला काहीच कळलं नाही’ऐवजी ‘ही तिसरी ओळ कशी आली?’ असं विचारतं का, ते पाहा. कोऱ्या कागदावर समीकरणाची नुसती मांडणी आली तरी त्या पायरीचे गुण द्या आणि ते का दिले ते शेजारी लिहा. असे बदल दिसायला काही महिने लागतील. मध्ये एखादी चाचणी पूर्वीइतकीच वाईट जाईल. तेव्हा तुम्ही खचलेल्या दिसू नका, कारण मुलं उत्तरपत्रिकेआधी तुमचा चेहरा वाचतात.

पालकांचं राहिलं. ‘आमच्या घरात कुणालाच गणित आलं नाही’ हे ते मुलाला वाचवायला बोलतात, पण मूल ते नशीब म्हणून ऐकतं. पहिली-दुसरीच्या मुलांवर झालेल्या २०१५ च्या एका अभ्यासात असं दिसलं की ज्या पालकांना स्वतःलाच गणिताची धास्ती आहे त्यांनी घरच्या अभ्यासात वारंवार मदत केली तर मुलं वर्षभरात कमी शिकली आणि त्यांची भीती वाढली. म्हणून त्यांना सांगा की शिकवायची जबाबदारी तुमची, त्यांनी घरी गणित शिकवायचं नाही. त्यांनी फक्त रोज विचारायचं, "आज काय केलंस ते मला समजावून सांग," आणि पूर्ण ऐकून घ्यायचं. पुढच्या भेटीत गुणपत्रक बाजूला ठेवा. तो पट्टीचा कागद आणि शेजारी मुलाने स्वतः केलेला ताळा त्यांच्यापुढे ठेवा, आणि ते उदाहरण त्यांना मुलालाच समजावू द्या.